जिमच्या मशीनवर शनिवारी २४ टक्के चरबी, सोमवारी २७. मग मोजायची कशी?

तुमचा प्रश्न असा: वय ३४, उंची १७२ सेंमी, वजन ७८ किलो. तीन महिने कोल्हापुरातल्या जिमला नियमित जाताय, तरी काटा हलत नाही. शनिवारी व्यायाम झाल्यावर मशीनवर उभे राहिलात तर चरबी २४ टक्के, सोमवारी ऑफिसातून थेट आल्यावर २७. यातलं खरं कुठलं?

दोन्ही आकडे सोडून द्या. ७८ किलोवर तीन टक्के म्हणजे सव्वादोन किलोपेक्षा जास्त चरबी, आणि ती दोन दिवसांत अंगावर चढत नाही. हे मशीन चरबी मोजतच नाही. तळव्यातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतं आणि त्याला किती अडथळा झाला एवढंच मोजतं. पाणी आणि स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून अवघड जाते. त्या अडथळ्यावरून, तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून सूत्र लावून टक्का काढला जातो. व्यायामानंतर कातडी गरम असते, तळवे घामेजलेले असतात, अडथळा कमी होतो, म्हणून चरबी कमी दिसते. दिवसभर पाणी कमी प्यायलं असेल, तळवे कोरडे आणि टाचा भेगाळलेल्या असतील तर उलट. शिवाय फक्त पायांवर उभं राहायचं मशीन असेल तर प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. ज्या पोटाची तुम्हाला काळजी आहे, त्याच्याकडे तो फारसा फिरकतच नाही.

तरीही मशीन वापरायचंच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तळवे ओल्या फडक्याने पुसून उभे राहा, आणि दर वेळी तेच मशीन. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यावर उभं राहू नये.

माझा भरवसा टेपवर आहे. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणली जाते, म्हणून आधी ती स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. पोट बेंबीच्या रेषेत मोजायचं. टेप जमिनीला समांतर हवी, पाठीमागे ती हमखास खाली सरकते, म्हणून आरशात बाजूने बघा. श्वास सहज सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. मान कंठमण्याच्या लगेच खाली मोजा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा.

पुरुषांसाठी अमेरिकी नौदलाचं सूत्र आहे, मापं सेंटीमीटरमध्ये: पोटातून मान वजा करा, त्याचा लॉग (पाया १०) काढून ०.१९०७७ ने गुणा. उंचीचा लॉग ०.१५४५६ ने गुणा. १.०३२४ मधून पहिली संख्या वजा करा, दुसरी मिळवा. ४९५ ला या उत्तराने भागा आणि ४५० वजा करा. उदाहरणार्थ मान ३८, पोट ९४, उंची १७२ असेल तर सुमारे २४ टक्के येतात. पोट चुकून ९६ मोजलंत तर तेच २५.३ होतात. दोन सेंटीमीटरची ढिलाई सव्वा टक्क्याला पडते, म्हणून मोजण्याच्या शिस्तीवर एवढा भर देतोय. बायकांचं सूत्र वेगळं आहे, त्यात नितंबाचं मापही लागतं.

हे सूत्रही अंदाजच आहे, तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पण चूक दर वेळी साधारण त्याच दिशेला असते, त्यामुळे फरक खरा दिसतो. कॅलिपरने चिमटा घेऊन मोजणं चांगलं, पण दर वेळी तोच सरावलेला हात हवा. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारी तपासणी) यापेक्षा अचूक, मात्र दर महिन्याला करायची ती गोष्ट नाही.

सूत्र बाजूला ठेवलं तरी पोटाचं माप सोडू नका. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी कशी लपते, ते याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

आता वजन. रोज सकाळी करा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा आणि भात चापला की सोमवारी काटा किलोभर वर जातो. ते मीठ आणि भाताने धरून ठेवलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. घाबरून सोमवारी उपास करू नका. काटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवू नका, चारही पाय टेकले नाहीत तर वजन चुकतं. सपाट टाइल बघा आणि जागा बदलू नका. पाळीच्या आसपास बायकांच्या अंगात पाणी साठतं, म्हणून त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करावी.

पोट दर रविवारी सकाळी, जेवणाआधी. फोटो चार आठवड्यांनी, त्याच खिडकीच्या उजेडात. वहीत जोर-बैठकांचे किंवा उचललेल्या वजनांचे आकडे, आणि रंकाळ्याच्या फेरीला लागलेली मिनिटं लिहा.

तुम्ही तीन महिन्यांपूर्वी पोट मोजलं नसेल, तर वजन हललं नाही म्हणजे काही झालं नाही असं म्हणता येत नाही. नव्याने व्यायाम करणाऱ्याची चरबी घटते आणि स्नायू वाढतात, काटा तिथेच राहतो. येत्या रविवारपासून चार आठवडे मोजा. पोट दोन सेंटीमीटरने उतरलं आणि वजन ७८ च राहिलं, तर आहार-व्यायाम आहे तसा चालू ठेवा. पोट आणि सरासरी वजन दोन्ही जागच्या जागी असतील, तर रात्रीच्या ताटातला भात निम्मा करा आणि पुढचे चार आठवडे तसंच मोजा.