आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे तरी रोजे सोडत नाही, आजारी माणसाला इस्लाममध्ये खरंच सूट आहे का?

हो, आहे. आणि ती सूट कुणी मौलानांनी नंतर शोधून काढलेली नाही, कुराणातल्या ज्या आयतींनी (वचनांनी) रोजा फर्ज म्हणजे बंधनकारक झाला त्याच आयतींमध्ये ती आलेली आहे. सूरह बकराची 183 वी आयत रोजा फर्ज झाल्याचं सांगते आणि लगेच 184 व्या आयतीत येतं की तुमच्यातला कोणी आजारी असेल किंवा सफरमध्ये (प्रवासात) असेल तर त्याने तेवढे रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करावेत, मग 185 मध्ये तीच गोष्ट परत एकदा, आणि त्यापुढे हेही की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाही. म्हणजे हुकूम आणि सूट एकाच जागी आहेत, एक मानायचं आणि दुसरं नाही असं कसं चालेल.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 62, शुगर बऱ्याच वर्षांची, दोन वेळा इन्सुलिन, आता किडनीपण कमजोर निघालीय, डॉक्टर रोजे नको म्हणतात पण आई म्हणतात "अल्लाहला काय तोंड दाखवू". मी आलिमा (धर्माची जाणकार) नाही, डॉक्टरही नाही. पण माझं माहेर दापोलीकडचं, म्हणजे कोकणी, शाफई, आणि सासर कोल्हापूरचं, हनफी (शाफई आणि हनफी हे धर्मनियमांचे दोन मजहब, म्हणजे पंथ), आणि सासरे डायलिसिसवर होते तेव्हा हे सगळे प्रश्न आम्ही दोन्हीकडच्या उलमांना (धर्मपंडितांना) विचारून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक फरक समजून घ्या. जो आजार बरा होणार आहे, डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन वगैरे, त्यात रोजा सोडायचा आणि तब्येत सुधारल्यावर कजा ठेवायची, म्हणजे सुटलेला रोजा नंतर भरायचा, एका रोज्याला एक रोजा. तिथे पैसे देऊन सुटका नाही. तरणाताठा पोरगा तापातून उठतो आणि घरचे मस्जिदमध्ये फिदया (रोज्याऐवजी गरिबासाठी द्यायचं धान्य किंवा पैसे) देऊन मोकळे होतात हे मी बघितलंय, पण त्याच्यावर ते रोजे बाकीच राहतात. फिदया कुणाला, तर ज्याला आता रोजा ठेवता येत नाही आणि पुढेही ठेवता येईल अशी आशा नाही, म्हणजे खूप म्हातारी माणसं आणि कायमचे आजारी. हजरत अनस (र.) खूप म्हातारे झाले तेव्हा रोज्याऐवजी गरिबांना जेवू घालायचे असं सहीह बुखारी या हदीसच्या (नबींच्या वचनांच्या आणि आठवणींच्या) किताबात आहे, आता त्यांच्यासारख्या सहाबींनी (नबींच्या सोबत्यांनी) ही सूट घेतली तर तुमच्या आईंनी घेण्यात कमीपणा कसला?

मधला एक प्रकार पण असतो. कुणाला उन्हाळ्यातला मोठा रोजा झेपत नाही पण थंडीतला झेपतो. आपल्याकडे जूनमध्ये सेहरी ते इफ्तार साधारण साडेचौदा तास होतात आणि डिसेंबरमध्ये साडेबारा. असा माणूस फिदया देत नाही, त्याने थंडीत कजा ठेवायची. तुमच्या आईंचं इन्सुलिन आणि किडनी बघता त्या यात बसतील असं मला वाटत नाही, पण ते डॉक्टरांनी सांगायचंय, मी किंवा तुम्ही नाही.

आता डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर, फिकहच्या (इस्लामी धर्मनियमांच्या) जुन्या किताबांत लिहिलंय की डॉक्टर मुसलमान असावा आणि जाणकार असावा, आणि काही घरांत यावरून "ते डॉक्टर काय, त्यांना रोज्याचं काय कळतं" असं बोललं जातं. आजचे बरेच मुफ्ती साहेब सांगतात की डॉक्टर त्याच्या कामात माहीर असला आणि भरवशाचा असला की झालं. शरीराला काय होईल हे डॉक्टर सांगणार, मग तुमच्यावर कजा आहे की फिदया हे आलिम सांगणार. दोघांना आपापल्या जागी विचारायचं.

आईंच्या मनातली खरी अडचण मात्र मसल्याची (धर्मनियमाची) नसते, भीतीची असते आणि शरमेची असते. आमच्या सासऱ्यांचंही तेच होतं. त्यांना सगळ्यात जास्त काय लागू पडलं तर दोन हदीस. एक, आठव्या हिजरीत फतेह मक्काच्या सफरमध्ये रमजान होता, लोकांना रोजा जड जायला लागला तेव्हा नबी (स.) यांनी असरनंतर (दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर) पाण्याचा प्याला मागवला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरून प्यायले. नंतर कळलं की काही जणांनी तरीही रोजा चालू ठेवलाय, तर त्यांना "नाफरमान" (आज्ञा मोडणारे) म्हटलं, दोनदा. हे सहीह मुस्लिममध्ये आहे. विचार करा, रोजा सोडणाऱ्यांना नाही, धरून बसणाऱ्यांना म्हटलं. आणि दुसरी हदीस बुखारीतली, की माणूस आजारी पडतो किंवा सफरमध्ये असतो तेव्हा तो धडधाकट असताना, घरी असताना जे अमल (चांगली कामं) करायचा ते सगळे त्याच्या नावावर लिहिले जातात. आई इतकी वर्षं रोजे ठेवत आल्यात ना, मग त्यांचं काही जात नाहीये. हे त्यांना शांतपणे, एकट्यात सांगा, सगळ्यांसमोर वाद घालून नाही.

अबू दाऊद या हदीसच्या किताबात एक प्रसंग आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सफरमध्ये एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली, त्याला गुस्ल (पाक होण्यासाठीची पूर्ण अंघोळ) करायची वेळ आली, त्याने सोबतच्यांना विचारलं की मला तयम्मुमची (पाण्याऐवजी मातीने पाक होण्याची) सूट आहे का, ते म्हणाले नाही, पाणी आहे ना. त्याने अंघोळ केली आणि तो वारला. नबी (स.) यांना कळल्यावर फार राग आला, म्हणाले यांनीच त्याला मारलं, माहीत नव्हतं तर विचारलं का नाही. हा प्रसंग मी यासाठी सांगतेय की आजारी माणसाला "ठेव गं, अल्लाह ताकद देईल" म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, ते प्रेमानेच म्हणतात, पण त्या बोलण्याची जबाबदारी असते.

आता भीतीबद्दल. मला भेटलेल्या बऱ्याच आजारी बायकांच्या डोक्यात असं असतं की दुपारी शुगर उतरली आणि काही खाल्लं तर कफ्फारा (प्रायश्चित्त) लागेल, सलग 60 रोजे. या भीतीपोटी चक्कर येईपर्यंत बसून राहतात. तसं अजिबात नाही. आजारामुळे, जिवाला धोका वाटून रोजा तोडला तर कफ्फारा नाही, तो रोजा नंतर फक्त भरायचा. हनफींमध्ये कफ्फारा आहे तो काही कारण नसताना मुद्दाम खाल्ल्यावर, आणि शाफईंमध्ये तर खाण्यापिण्याने कफ्फारा लागतच नाही. दुसरी भीती, बोट टोचून शुगर बघितली तर रोजा जाईल. नाही जात. रक्ताची टेस्ट केली तरी जात नाही, इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं तरी जात नाही. जेद्दाच्या इस्लामिक फिकह अकादमीने 1997 मध्ये यावर ठराव केलाय, त्यात पोषणाची सोडून बाकी इंजेक्शनं, डोळ्यात टाकायचं औषध, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी (तिचा अंश गिळला नाही तर) यांनी रोजा तुटत नाही असं म्हटलंय. काही गोष्टींत मतभेद आहेत. दम्याच्या पंपाने रोजा तुटतो असं आपल्याकडचे बहुतेक उलमा मानतात, अरब देशांतले काही नाही मानत, आणि कानातल्या थेंबांचं शाफई किताबांत वेगळं आहे. म्हणून ते आपल्या मौलानांनाच विचारावं.

वैद्यकीय बाजू पण त्यांना कळू दे. 2001 साली 13 देशांतल्या 12 हजारांहून जास्त डायबेटीसवाल्या मुसलमानांचा अभ्यास झाला होता, त्यात टाइप 2 वाल्यांपैकी जवळजवळ 79 टक्के लोक निदान 15 दिवस रोजे ठेवत होते, आणि हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल इतकी शुगर उतरण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये इतर महिन्यांच्या साडेसात पट निघालं. नंतर इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने रमजानसाठी खास गाइडलाइन काढली, 2021 मध्ये ती सुधारली, त्यात प्रत्येक पेशंटला गुण देतात, किती वर्षांची शुगर, कोणतं औषध, किडनी कशी, शुगर आधी कधी उतरली होती का वगैरे, आणि गुण 6 च्या वर गेले की रोजा नको. इन्सुलिन आणि किडनी दोन्ही असलेला पेशंट तिथे सहज पोचतो. सगळ्या शुगरवाल्यांना रोजा मना आहे असं नाही हां, फक्त मेटफॉर्मिनवर असलेले, शुगर कंट्रोलमध्ये असलेले बरेच जण डॉक्टरांना विचारून, डोसची वेळ बदलून नीट रोजे ठेवतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यात मात्र शुगर एकदम खाली जायचा धोका जास्त.

आणि समजा सगळं सांगूनही आईंनी एखादा रोजा धरलाच, जुम्म्याचा किंवा सत्ताविसावा, तर घरात एक नियम पक्का ठेवा, शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटं राहिलेली का असेनात. घाम फुटणं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ, उगाच चिडचिड, यातलं काही दिसलं की लगेच बोट टोचून बघा आणि शुगर उतरलेली असली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. सेहरी न करता झोपू देऊ नका. इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, शेजारणीचा बघून तर नाहीच.

फिदया किती, तर एका रोज्यामागे एक गरीब. हनफींमध्ये सदका-ए-फित्र (ईदच्या आधी गरिबांना द्यायचं दान) एवढंच, म्हणजे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत, काही उलमा दोन किलोच्या थोडं वर सांगतात, रमजानमध्ये मस्जिदीत फित्र्याचा आकडा जाहीर होतो तोच धरा आणि जेवढे रोजे सुटले तेवढ्याने गुणा. रमजान लागल्यावर पूर्ण महिन्याचा फिदया एकदम दिला तरी चालतो. शाफईंमध्ये एक मुद्द, म्हणजे साधारण 600 ते 750 ग्रॅम जे आपल्याकडचं मुख्य धान्य असेल ते, आमच्या कोकणात तांदूळ देतात. आपल्याच आईवडिलांना, मुलांना, नातवंडांना फिदया देता येत नाही. खरंच देण्याची ऐपत नसेल तर हनफी उलमा इस्तिगफार करायला (अल्लाहकडे माफी मागायला) सांगतात, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. आणि तुम्ही विचारलंय की आईच्या वाटचे रोजे मी ठेवले तर, तर नाही, जिवंत माणसाचा रोजा दुसऱ्याला ठेवता येत नाही, चारही मजहबमध्ये.

घरातलं वातावरण तुमच्या हातात आहे. सासरे आधी दुपारचं जेवण दार लावून जेवायचे, नातवंडांना कळू नये म्हणून. मग मोहल्ल्यातले मौलाना एकदा घरी आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चाचा, आप पे रोजा नहीं, फिदया है, आप आराम से खाओ." त्यानंतर त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत यायला लागलं. तुम्हीपण आईंचं ताट नेहमीसारखं वाढा, चोरून काही नको. इफ्तारची तयारी त्यांच्याकडे द्या जेवढी झेपेल तेवढी, कारण रोजेदाराला इफ्तार करवणाऱ्याला त्या रोजेदाराएवढाच सवाब (पुण्य) आहे, ही हदीस त्यांना माहीत असणारच. तिलावत (कुराण वाचणं) आहे, खुर्चीवर बसून तरावीह (रमजानची रात्रीची नमाज) आहे, रमजान त्यांच्यापासून कुठे जात नाही.

तुमच्या हातात वेळ असेल तर रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी, म्हणजे रजब महिन्यातच डॉक्टरांकडे आईंना स्वतःला घेऊन जा, त्यांच्यासमोरच विचारा की यंदा नाही, पण पुढे कधी, थंडीत तरी, रोजा झेपेल का. उत्तर कागदावर लिहून घ्या. तोच कागद घेऊन मुफ्ती साहेबांकडे जा आणि सोडलेल्या रोज्यांची कजा की फिदया हे विचारा, मागच्या काही वर्षांचे सुटलेले असतील तर तेपण सांगा. शाफई असाल तर आवर्जून सांगा, कारण कजा ठेवता येत असून पुढच्या रमजानपर्यंत ठेवली नाही तर शाफईंमध्ये कजेसोबत फिदयाही लागतो, हनफींमध्ये नुसती कजा.