कंपन्यांनी मानवी हक्कांची काळजी का करावी? कायदा पाळला, पगार वेळेवर दिला की पुरे नाही का?

पुरे नाही. कायदा पाळला असं जे कागदावर दिसतं ना, ते बऱ्याचदा एवढ्याचसाठी दिसतं की ज्याचा हक्क मारला गेला त्याचं नावच त्या कागदावर नसतं. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मानवी हक्क वगैरे सरकारने बघावं, धंद्याने नफा बघावा. अगदी हेच मला आमच्या साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर सुनावलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो, वाचा.

मी पुण्यात एका बिस्किटांच्या कंपनीत परचेसला आहे. मैदा, तेल, साखर, पॅकिंग सगळं आमच्या टेबलावरून जातं. गाव बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात, घरात दोन पिढ्या ऊसतोड.

२०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये महाराष्ट्राच्या साखरेवर मोठी बातमी आली. उचल म्हणजे मजुराला हंगामाआधी दिलेलं कर्ज, लहान वयातली लग्नं, बायकांच्या गर्भपिशव्या काढणं, सगळं होतं त्यात, आणि इथली साखर घेणाऱ्यांमध्ये कोका-कोला आणि पेप्सीची नावं होती. आमच्याकडच्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं पण परदेशात बरीच खळबळ झाली. मग काही महिन्यांनी आमचं एक बाहेरदेशातलं गिऱ्हाईक आहे, आमची बिस्किटं त्यांच्या नावाने विकतात, त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या साखरेमागे कर्जापोटी अडकलेले मजूर आहेत का. हो, नाही किंवा माहीत नाही.

मी कारखान्याला फोन लावला. तिथले अधिकारी म्हणाले, तोडणी मजूर आमचे नाहीत हो, ते मुकादमाचे, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्याचे, आमचा करार फक्त वाहतूकदाराशी. साहेब म्हणाले, झालं तर मग, 'नाही'वर टिक कर आणि मेल टाकून दे. मी म्हणलं साहेब, मी नाही टाकणार.

'आमचे नाहीत' हे कसं चालतं बघा. कारखाना वाहतूकदाराला ॲडव्हान्स देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो, आणि मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, नवरा-बायकोला उचल देतो. दोघं मिळून हिशोबात एक कोयता. पैसे नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, हिशोब नवऱ्याशी, बाई अर्धा कोयता असून कुठंच लिहिलेली नाही. हंगामभर टनावर तोडून उचल फेडायची, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. एक दिवस फडात, म्हणजे उसाच्या शेतात, गेलं नाही की खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड बसून तो उचलीत चढतो. पण कुठला फड कधी तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवणार, कारखान्याचा चिटबॉय तोडणीची चिठ्ठी घेऊन येऊन सांगणार, वजन कारखान्याच्या काट्यावर होणार, आणि टनाचा दर साखर संघाच्या बैठकीत ठरणार. जानेवारी २०२४ मध्ये तो २७३ वरून ३६६ रुपये झाला तो असाच, शरद पवार आणि पंकजा मुंडेंच्या मध्यस्थीने. मजूर जर कारखान्याचे नाहीत तर त्यांचा दर कारखान्यांचा संघ कशाला ठरवतो? याचं उत्तर मला आजपर्यंत एकाही अधिकाऱ्याने दिलेलं नाही.

माझी धाकटी बहीण सांगलीकडे कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, जन्मली. आठवडाभरात आई परत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती कारण त्या वर्षी उचल जास्त घेतली होती. पाळी असो, ताप असो, पहाटे तीनला उठायचं, भाकरी करायची, फडात जायचं. दिवसभर आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. रात्री गाडी कधीही आली की भरायला उठायचं. यातून तिच्या अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. हंगाम संपल्यावर गावाकडच्या एका डॉक्टरने धड तपासणीही न करता सांगितलं की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. आई तेव्हा नुकती तिशीत होती. ऑपरेशनचे पैसे आणले मुकादमाकडूनच, म्हणजे ते पुढच्या हंगामाच्या उचलीत गेले, म्हणजे पुढच्या हंगामाला जाणं आलंच. टाके भरले आणि दिवाळीनंतर ती परत टोळीबरोबर गेली. तेव्हापासून तिची कंबर आणि हाडं जी दुखतात ती आजपर्यंत, आता तिला खाली बसून जेवतासुद्धा येत नाही.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी आई त्या आकड्यात नाही, ती तेव्हा पुण्यात आमच्याकडे होती. म्हणजे ती कारखान्याच्या कागदावर नव्हती, मुकादमाच्या वहीत नव्हती आणि सरकारच्या पाहणीतही नाही. आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहायचं?

आता तुमचं ते 'सरकारचं काम'. घटनेचं कलम २३ वेठबिगारीवर आहे आणि ते फक्त सरकारला लागू नाही. दिल्लीच्या एशियाड खेळांची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये १९८२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ते खाजगी मालकालाही लागू आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. उचल देऊन माणूस अडकवून ठेवण्याविरुद्ध १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. धंदा आणि मानवी हक्कांवरची संयुक्त राष्ट्रांची २०११ ची तत्त्वं तर सरळ म्हणतात की सरकारने आपलं काम केलं नाही तरी कंपनीची जबाबदारी सुटत नाही, आणि ती फक्त स्वतःच्या गेटच्या आत संपत नाही, ज्यांच्याकडून माल घेता तिथपर्यंत जाते. म्हणजे 'आमचे नाहीत'ला तिथं जागाच ठेवलेली नाही.

फायदा म्हणाल तर आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जो बीआरएसआर, म्हणजे धंद्याच्या जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला त्यात मानवी हक्कांवर वेगळा भाग आहे, आणि मोठ्या कंपनीला विचारलं की ती खालच्याला विचारणार. शिवाय कारखान्यांना आता तोडणीला माणसं मिळत नाहीत, आमच्या पिढीतलं कोण जाणार तिकडे. २०२१-२२ ला पीकही विक्रमी होतं आणि तोडायला माणूस नव्हता, मराठवाड्यात मे-जूनपर्यंत ऊस फडात उभा होता, शेतकऱ्याचं वजन घटलं, कारखान्याचा साखरेचा उतारा घटला. माणसाला माणसासारखं ठेवलं असतं तर पोरं इतकी लांब पळाली नसती असं माझं ठाम मत आहे. पण हे फायद्याचं गणित मी कुणी विचारलं तरच सांगतो. फायदा शून्य असता तरी हे करावंच लागलं असतं, कारण तुमच्या मालाची जी किंमत निघते ती त्या बाईच्या फुकट गेलेल्या शरीरावर निघते.

फॉर्मचं पुढे काय झालं? मी लिहिलं, 'माहीत नाही, कारखाना तोडणी मजुरांची नोंद द्यायला तयार नाही.' साहेब जाम चिडले, म्हणाले ऑर्डर गेली तर तू जबाबदार, धंदा म्हणजे समाजसेवा नाही. ऑर्डर गेली नाही. गिऱ्हाइकाने उलट विचारलं की कारखान्यावर येऊन बघता येईल का. त्यांची माणसं आली, मी बरोबर गेलो, कोप्यांवर जाऊन बायकांशी मी बोललो, मुकादमाला लांब उभं करून. पुढच्या हंगामाला कारखान्याने तळावर पाण्याचा टँकर आणि संडास दिले, आणि बायकांची नावं वेगळी लिहायला घेतली. खाडा अजून आहे. उचल अजून आहे. म्हणजे सगळं सुटलं असं मी म्हणत नाही.

आणि हेही सांगायला पाहिजे की सगळे मुकादम राक्षस नसतात, आमचा स्वतःचा चुलता मुकादम होता, आणि उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून कर्जात बुडालेले वाहतूकदारही मी बघितलेत. मला साखरेतलं कळतं, तुमचा धंदा सॉफ्टवेअरचा असेल तर तिथली साखळी वेगळी असणार, तिथे ऑफिस झाडणारी, कॅन्टीनवाली, रात्रीचा वॉचमन कुणाच्या पगारावर आहेत ते आधी बघा, ठेकेदाराचे आहेत असं उत्तर आलं की तिथंच खणायला लागा.

फक्त एक करू नका. गडबड सापडली म्हणून त्या पुरवठादाराची ऑर्डर बंद करू नका. कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं, पण कोयत्यावर उचल तशीच राहते आणि विचारणारं कुणी उरत नाही. ऑर्डर चालू ठेवून अट घाला, आणि अट घालायची तर किलोमागे चार पैसे जास्त द्यायची तयारीही ठेवा, नुसत्या फॉर्मवर संडास बांधले जात नाहीत. आमच्या गिऱ्हाइकाने ते अजून कबूल केलेलं नाही. दिवाळीच्या आधी परत मीटिंग आहे, साहेबही असणार आहेत, आणि बाळंतिणीचा खाडा कापायचा नाही ही अट करारात आली पाहिजे हे मी तिथं मांडणार आहे.