लव्हलँड की वॉरन? बेअर्सचा दहावा पिक आणि टाईट एंड जोखायची रीत

तुमचे प्रश्न तीन आहेत. कोल क्मेट हा टाईट एंड संघात असताना एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या शिकागो बेअर्सनी 2025 च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दहावा पिक, म्हणजे दहाव्या क्रमांकाची निवड, पुन्हा टाईट एंडवर का खर्च केला? करायचाच होता तर टायलर वॉरन समोर दिसत असताना कोल्स्टन लव्हलँड का घेतला? आणि पुढच्या वेळी ही पोरं आपण घरबसल्या जोखायची कशी? तिन्हींचं उत्तर एकातच गुंतलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. टाईट एंड घेताना आपल्याकडे आधीपासून कोण आहे हे बघायचं, आणि त्या जागेचा बाजारभाव बघायचा. किती कॅच घेतले हे त्यानंतर. या हिशेबाने लव्हलँड बेअर्सना योग्य होता आणि वॉरन त्याला 14 व्या पिकवर घेणाऱ्या कोल्ट्सना. दहाव्या नंबरची किंमत मात्र मला आजही जरा जड वाटते.

नव्याने बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. टाईट एंडला एका खेळीत सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला थोपवायचं असतं आणि पुढच्या खेळीत सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) चकवून पास पकडायचा असतो. पूर्वी विकेटकीपर हातमोज्यांसाठी निवडायचे, आता फलंदाजी बघून निवडतात आणि बाय जायला लागल्या की बोंब मारतात. इथेही तेच झालंय. कॉलेजमधले बरेच संघ टाईट एंडला रेषेपासून दूर, स्लॉटमध्ये (रेषा आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत), आडदांड रिसीव्हरसारखं (पास पकडणाऱ्यासारखं) उभं करतात. तिथे त्याचे आकडे फुगतात. एनएफएलमध्ये आल्यावर त्याला पहिल्यांदा टॅकलच्या (रेषेच्या टोकाच्या दांडग्या ब्लॉकरच्या) शेजारी हात जमिनीला टेकवून उभं राहायला सांगतात, आणि पहिली दोन वर्षं तिथेच जातात.

म्हणून प्रशिक्षक या जागेचे दोन भाग करतात. ‘वाय’ म्हणजे टॅकलला खेटून उभा राहणारा, आधी ब्लॉकिंग करणारा (समोरच्याला अडवणारा). ‘एफ’ म्हणजे हलता. कधी स्लॉटमध्ये, कधी बॅकफील्डमध्ये (रेषेच्या मागे), कधी स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. दोन्ही कामं सारख्याच ताकदीने करणारे म्हणजे ग्रॉन्काऊस्की, किटल. असे फार थोडे.

आता क्मेट. 2020 मध्ये 43 वा पिक, नोटर डेमचा, 2023 मध्ये चार वर्षांचा 5 कोटी डॉलरचा वाढीव करार. तो अस्सल ‘वाय’ आहे. ब्लॉकिंग नेकीने करतो, मोकळा सुटला तर पकडतो, पण सेफ्टीच्या अंगावर धावून जाऊन त्याला मागे टाकेल असा तो कधीच नव्हता. जानेवारी 2025 मध्ये बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. हा माणूस डेट्रॉईटमध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा) होण्याआधी टाईट एंडांचाच प्रशिक्षक होता. 2023 मध्ये 34 व्या पिकवर आलेल्या सॅम लापोर्टाने त्याच्याच ऑफेन्समध्ये पहिल्या वर्षी 86 कॅच, 889 यार्ड आणि 10 टचडाऊन काढले होते. दोन टाईट एंड एकत्र मैदानात ठेवायचे, समोरच्याने जाडजूड लाईनबॅकर आणले की त्यांच्या डोक्यावरून पास टाकायचा, हलके डिफेन्सिव्ह बॅक आणले की धावून चिरडायचं, ही त्याची आवडती चाल. त्यासाठी क्मेटच्या जोडीला त्याला ‘एफ’ हवा होता.

शिवाय 24 एप्रिलच्या त्या रात्री दहाव्या नंबरपर्यंत टेबलावर उरलं काय होतं तेही बघा. लोक म्हणतात टॅकल घ्यायला हवा होता. विल कॅम्पबेल चौथा गेला, आर्मंड मेंबू सातवा, केल्व्हिन बँक्स नववा. रनिंग बॅक म्हणता? जेंटी सहाव्याला रेडर्सनी उचलला. रिसीव्हर मॅकमिलन आठव्याला पँथर्सकडे गेला. एकेका पिकबरोबर बेअर्सच्या यादीवरचं एक नाव खोडलं जात होतं. (आणि हा सगळा सोहळा ग्रीन बेमध्ये! आपल्या पिकचं नाव कट्टर प्रतिस्पर्धी पॅकर्सच्या अंगणात वाचलं जावं, त्यांच्या प्रेक्षकांनी हुर्यो करावी, यात वेगळीच मजा होती.)

लव्हलँड विरुद्ध वॉरन. आकड्यांवर गेलात तर स्पर्धाच नाही. 2024 च्या हंगामात पेन स्टेटच्या वॉरनने 104 कॅच, 1,233 यार्ड काढले, कॉलेजच्या सर्वोत्तम टाईट एंडचा मॅकी पुरस्कार मिळवला, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात सातवा आला. यूएससीविरुद्ध एकाच सामन्यात 17 कॅच आणि 224 यार्ड. त्यातला एक टचडाऊन तर असा, की त्यानेच सेंटरच्या जागी उभं राहून स्नॅप केला, मग पळत जाऊन त्यानेच पास पकडला. मिशिगनच्या लव्हलँडचे त्याच वर्षीचे आकडे 56 कॅच, 582 यार्ड. वर खांद्याची शस्त्रक्रिया.

पण लव्हलँडच्या आकड्यांमागचं मिशिगन बघा. जे. जे. मॅकार्थी एनएफएलला गेल्यावर त्यांनी त्या हंगामात क्वार्टरबॅक (पास टाकणारे) आलटून पालटून तीन वापरले आणि एकही धड निघाला नाही. पास टाकायचा तर लव्हलँडलाच, हे प्रेक्षकांतल्या पोरांनाही ठाऊक होतं, समोरच्या डिफेन्सला तर होतंच. तरी तो मोकळा होत होता. त्याचं रूट तोडणं, म्हणजे ठरलेल्या वाटेवर धावताना अचानक वळणं, बघा. सहा फूट सहा इंचांचा माणूस वळताना खांदे वर उचलत नाही, वेग न घालवता कंबरेतून वळतो. हे शिकवून येत नाही. ब्लॉकिंग शिकवता येतं. ड्राफ्टच्या वेळी तो नुकता 21 चा झाला होता आणि वॉरन 23 ला टेकला होता. कॉलेजमध्ये हे अंतर फार मोठं. पाचव्या वर्षाचा दणकट गडी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना उडवतो तेव्हा त्यातलं थोडं वयाच्या खात्यात टाकावं लागतं.

वॉरन कमी नाही, गैरसमज नको. चेंडू हातात आल्यावर तो कॉलेजमध्ये ज्या ताकदीने अंगावर घेत निघायचा ते लव्हलँडच्या मिशिगनच्या टेपमध्ये (सामन्यांच्या चित्रणात) मला दिसलं नव्हतं. कोल्ट्सकडे टाईट एंडची वानवा होती. तिथे सगळं थोडं थोडं करणारा माणूस हवा होता आणि 14 व्या पिकवर त्यांना तो आयता मिळाला. बेअर्सकडे तो आला असता तर अर्धा वेळ क्मेटचंच काम करत बसला असता.

आता किंमत जड का म्हणतो ते. 2025 च्याच वसंतात ट्रे मॅकब्राईड आणि जॉर्ज किटल यांचे नवे करार झाले. टाईट एंडांमधले तोवरचे सगळ्यात महागडे करार, वर्षाला साधारण 1.9 कोटी डॉलर. त्याच सुमारास रिसीव्हर जमार चेसला वर्षाला 4 कोटींच्या वर मिळाले. दहाव्या पिकचा पगार मात्र जागा बघून ठरत नाही. टॅकल घ्या, रिसीव्हर घ्या, टाईट एंड घ्या, रक्कम ठरलेली. म्हणजे तिथे रिसीव्हर लागला तर चार वर्षं प्रचंड बचत, टाईट एंड लागला तर बचत त्याच्या निम्मीसुद्धा नाही. हा हिशेब फ्रंट ऑफिसवाले (संघाचे व्यवस्थापक) करतात, आपण चाहते करत नाही.

आणि इतिहास काय सांगतो? 2017 मध्ये हॉवर्ड, एन्ग्रम, नजोकू असे तीन टाईट एंड पहिल्या फेरीत गेले. किटल 146 वा गेला. आयोवामध्ये अख्ख्या कारकिर्दीत त्याचे 48 कॅच होते. कॅच मोजणाऱ्या कुणालाही तो दिसला नसता. रन ब्लॉकिंगची टेप बघणाऱ्यांना दिसायला हवा होता. बेअर्सनी त्या वर्षी 45 व्या पिकवर कुणाला घेतलं आठवतंय? अॅशलंड नावाच्या डिव्हिजन टू (खालच्या श्रेणीतल्या) कॉलेजचा अॅडम शाहीन. तो विषय इथेच सोडू, जेवणाची वेळ आहे. 2018 मध्ये रेव्हन्सनी 25 व्या पिकवर हेडन हर्स्ट घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये 86 व्याला मार्क अँड्र्यूज. पुढे कोण चमकला ते सांगायला नको. केल्सी तिसऱ्या फेरीतला, ग्रॉन्काऊस्की दुसऱ्या. उलट बाजूला 2014 मध्ये लायन्सनी दहाव्याला एरिक एब्रॉन घेतला, तीनच नंबर पुढे अॅरन डॉनल्ड बसला होता.

ब्रॉक बावर्सचं नाव तुम्ही घेणार हे माहीत आहे. 2024 मध्ये 13 वा पिक, पहिल्याच वर्षी 112 कॅच आणि 1,194 यार्ड. ते करताना त्याने माईक डिट्काचा 1961 पासूनचा 1,076 यार्डांचा विक्रम मोडला, आणि डिट्का आपलाच, बेअर्सचा. पण बावर्सचं उदाहरण देताना काईल पिट्सही आठवा. टाईट एंड म्हणून इतिहासात सगळ्यात वर, चौथ्या पिकवर घेतलेला. पहिल्या वर्षी 1,026 यार्ड, आणि पुढची तीन वर्षं लोक त्याच्या दुसऱ्या हजाराची वाट बघत राहिले.

त्यामुळे मी बेअर्सच्या खोलीत असतो तर आधी दहावा पिक दुसऱ्या संघाला देऊन मागच्या नंबरवर सरकायला गिऱ्हाईक शोधलं असतं. त्या वर्षी टाईट एंडचं पीक दांडगं होतं: मेसन टेलर 42 वा गेला, टेरन्स फर्ग्युसन 46 वा, इलायजा अरॉयो 50 वा. बेअर्सकडे 39 वा पिक होताच. गिऱ्हाईक नसेल तर मग लव्हलँड, आणि त्यात वाईट काही नाही. 2 नोव्हेंबर 2025 चा सिनसिनाटीचा सामना पाहिलात ना? बेअर्स हातातला सामना घालवून 42-41 ने मागे, शेवटची काही सेकंदं, आणि लव्हलँडने मधल्या फळीत पास पकडून दोघांना अंगावरून झटकत 58 यार्ड नेला. 47-42. मी वर म्हटलं ना, अंगावर घेत निघणं त्याच्यात दिसलं नव्हतं? ते तिथे दिसलं.

बेअर्सबद्दल मला खरी भीती वेगळीच आहे. ग्रेग ओल्सनला आपण 2007 मध्ये पहिल्या फेरीत घेतलं, मग 2011 मध्ये नव्या ऑफेन्सला असा टाईट एंड नको म्हणून तिसऱ्या फेरीच्या एका पिकवर कॅरोलायनाला देऊन टाकलं. तिथे त्याने 2014 ते 2016 सलग तीन वर्षं हजाराच्या वर यार्ड केले. जॉन्सन टिकला तर लव्हलँड टिकेल. प्रशिक्षक बदलला की टाईट एंडचं काय होतं ते शिकागोला चांगलं माहीत आहे.

राहिला त्याच ड्राफ्टमधला आणखी एक टाईट एंड, हॅरल्ड फॅनिन. बोलिंग ग्रीनचा, 2024 मध्ये 117 कॅच, 1,555 यार्ड, तरी 67 व्या नंबरपर्यंत थांबला. तुम्ही विचाराल, हा लोकांना दिसला नाही का? दिसला होता. सहा फूट तीन इंच, टाईट एंडला बुटका, रेषेवर उभा केला तर मागे रेटला जाईल अशी शंका, आणि समोरचे बहुतेक संघ छोटे. पण मोठ्या संघांविरुद्धही तो शंभर यार्डांच्या वर गेला होता. तिसऱ्या फेरीत ब्राऊन्सनी घेतलेला हा माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात स्वस्त टाईट एंड. बेअर्सना तो रिसीव्हर म्हणून चालला असता, पण क्मेटला दुखापत झाली तर ‘वाय’ कोण, हा प्रश्न तसाच राहिला असता.

आता तुमचा तिसरा प्रश्न, घरबसल्या जोखायचं कसं. टेप बघायला सुरुवात करायची असेल तर 7 सप्टेंबर 2024 चा पेन स्टेट-बोलिंग ग्रीन सामना घ्या. 34-27 असा घासून झाला, आणि एका बाजूला वॉरन, दुसऱ्या बाजूला फॅनिन. पास कुणाकडे जातोय ते पहिल्या वेळी बघून घ्या. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा चेंडूकडे बघू नका. धावण्याच्या खेळींत हे दोघे कुठे उभे असतात आणि त्यांच्यासमोरचा माणूस स्नॅपनंतर कुठल्या दिशेला सरकतो, तेवढं टिपा आणि इथे लिहा. मी माझी टिपणं शोधून ठेवतो.