म्युनिकच्या मराठी ग्रुपमध्ये राहावं की बाहेर पडावं?

नमस्कार. तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: सप्टेंबरमध्ये नाशिकहून म्युनिकला येताय, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्या-नोकरीचा परवाना) झालंय, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. इथल्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्हाला ओळखीतल्या कुणी घातलं आणि पहिल्याच आठवड्यात आरोग्यविम्यावरून लोकांची अशी काही जुंपली की तुम्ही धसकाच घेतलात. आता ग्रुप सोडायचा का, आणि राहायचं तर प्रश्न कसे विचारायचे?

सोडू नका. मी इथे बारा वर्षं आहे आणि असाच एक ग्रुप सहा वर्षं सांभाळतेय. नवीन माणसाला पहिल्या तीन महिन्यांत जे लागतं, ते या ग्रुपमधून जितक्या लवकर मिळतं तितकं दुसरीकडे कुठेच मिळत नाही. घराची किल्ली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला घरमालकाने सही केलेला कागद लागतो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा (हीटिंग, पाणी वगैरे सोडून) जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर न बघता आगाऊ पैसे मागणारा माणूस फसवणारा असतो. हे सगळं मला कुणीतरी मराठीत समजावलं होतं, रात्री जेवण बाजूला ठेवून.

आता तो विम्याचा वाद. सरकारी विम्यात हप्ता पगाराच्या टक्केवारीने जातो आणि न कमावणारी बायको, मुलं त्याच हप्त्यात बसतात. खाजगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, तोही शिरतानाचं वय आणि तब्येत बघून ठरलेला. नोकरदाराला खाजगीत जायचं तर पगार एका मर्यादेच्या वर लागतो. २०२५ साठी ती मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. अठ्ठावीस वर्षांचा एकटा इंजिनिअर म्हणतो, माझे महिन्याला इतके युरो वाचतात. दोन मुलांचा बाप म्हणतो, खाजगीत गेलास तर रडशील, पंचावन्न उलटल्यावर सरकारीत परत यायचा रस्ता जवळपास बंद होतो. दोघंही खरं बोलत असतात. फक्त आपण कोण, आपलं वय काय, घरात माणसं किती, हे दोघांपैकी एकानेही सांगितलेलं नसतं. मग तिसऱ्या मेसेजला ‘तुला काही कळत नाही’ येतं आणि विमा राहतो बाजूला.

माझ्या अनुभवात इथली निम्मी भांडणं अशीच असतात. प्रत्येकजण आपल्या वर्षाचा, आपल्या व्हिसाचा, आपल्या शहराचा नियम सगळ्यांचा म्हणून सांगतो. नागरिकत्वाचंच घ्या. जून २०२४ पर्यंत साधारण आठ वर्षं राहावं लागायचं. २७ जून २०२४ पासून पाच झाली, आणि भाषा वगैरेत विशेष पुढे असलेल्यांना तीन वर्षांचीही वाट होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. आमच्याकडे एका रात्री तिघं भांडले: एक आठवर ठाम, एक पाचवर, एक तीनवर. तिघांनीही आपापल्या वेळचं बरोबर सांगितलं होतं आणि तिघंही एकमेकांना खोटारडे म्हणत होते. तेव्हापासून मी सगळ्यांच्या मागे लागते की उत्तराला साल लावा. ‘मी २०१९ मध्ये, ब्लू कार्डवर, म्युनिकमध्ये असं केलं’, एवढं एक वाक्य आधी लिहा.

त्याच विषयातली दुसरी गोष्ट मला अजून छळते. जर्मनी आता दोन नागरिकत्वं ठेवू देते, भारत देत नाही. म्हणजे इथला पासपोर्ट घेतला की आपला परत करायचा. आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी तो परत केल्याच्या दिवशी रात्री पावणेबाराला लिहिलं, ‘आज निळं पुस्तक देऊन आले. हात थरथरत होता.’ खाली एकाने लिहिलं, ‘देश विकला, आता रडता कशाला?’ मी झोपले होते. सकाळी सहाला बघितलं तेव्हा त्यावर हसण्याच्या इमोजी होत्या आणि बाई ग्रुप सोडून गेल्या होत्या. बालवाडीचा अर्ज कसा भरायचा, हे मराठीत ओळीओळीने लिहून ठेवलं होतं ते त्यांनीच. मी त्यांना फोन केला, माफी मागितली. त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही नियम केला. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, शेजाऱ्याला वॉशिंग मशीनचाही त्रास होऊ नये अशी अपेक्षा असते. तीच वेळ ग्रुपला लावली. तातडीचं असेल तरच रात्री लिहायचं. दिवसभर परक्या भाषेत बोलून दमलेला माणूस रात्री अकराला जे लिहितो, ते सकाळी त्याचं त्यालाच वाचवत नाही.

अजून काही गोष्टी, तुम्ही नवीन आहात म्हणून. लिहून केलेला अपमानही इथे गुन्हा आहे, दंडसंहितेचं १८५ वं कलम. समोरच्याने तक्रार केली तर ‘गंमत होती’ म्हणून सुटका होईलच असं नाही. घरमालकावर राग असेल तर नाव, पत्ता ग्रुपमध्ये टाकू नका. भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा आणि त्यांच्या वकिलाला विचारा. गणपतीच्या आरतीचे फोटो टाकताना दुसऱ्याचं मूल त्यात असेल तर आधी आईबापांना विचारा.

आणि भाषेवरून कुणाला टोकू नका. नागपूरच्या एका मुलाने ‘मी घर शोधून राहिलो’ असं लिहिलं, तर दोघांनी आधी त्याचं मराठी सुधारलं. घराबद्दल कुणी बोललंच नाही. मी त्याला वेगळा मेसेज केला. तो म्हणाला, ‘ताई, ऑफिसात माझ्या जर्मनला हसतात, इथे मराठीला.’ मला फार लागलं ते. आपल्या गावची बोली बिनधास्त लिहिता यावी, म्हणून तर माणूस या ग्रुपमध्ये येतो.

अनोळखी माणसाला मेसेजमध्ये एकदम ‘तू’ म्हणू नका, समोरचा पंचविशीतला असला तरी. बोलताना आवाजात आपुलकी असते, लिहिलेल्या ‘तू’मध्ये ती दिसत नाही. कुणी ‘गूगल करा’ म्हणालं तर उलट उत्तर न देता ‘हे वाचलं, पुढे इथे अडलोय’ असं लिहा. राजकारणावर कुणी डिवचलं तर गप्प बसा आणि ॲडमिनला वेगळं कळवा, ते आमचं काम आहे.

तुमचा पहिला प्रश्न मी असा लिहिला असता: ‘नमस्कार, आम्ही तिघं सप्टेंबरमध्ये म्युनिकला येतोय. मी ब्लू कार्डवर, पत्नी सध्या नोकरी करणार नाही, मुलगी चार वर्षांची. सरकारी विमा घ्यायचं ठरवतोय. अशाच परिस्थितीत गेल्या दोन वर्षांत आलेल्या कुणी काय केलं, ते सांगाल का?’ शनिवारी सकाळी टाका, तेव्हा लोक घरी निवांत असतात. बालवाडीचं मात्र आत्ताच विचारा, सप्टेंबरची वाट बघू नका.