साध्या कॉलेजातून बी.ई. झालोय. दीर्घकाळ उडणाऱ्या ड्रोनवर सिस्टम्स इंजिनिअर होता येईल का? की ते नुसतं एक्सेल भरण्याचं काम असतं?

होता येईल. कॉलेजचं नाव पहिल्या नोकरीपुरतं आडवं येतं, पुढे कोणी विचारत नाही. पण 'नुसतं एक्सेल' हे वाचून राहवलं नाही. आधीच्या कंपनीतले माझे वरिष्ठ हेच म्हणायचे, सिस्टम्सवाले म्हणजे कारकून.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे एका पडीक वावरात आमच्या चाचण्या चालल्या होत्या. मे महिना, पारा ४४ च्या वर. विमान सौर सेल आणि बॅटरीवर रात्र काढणारं. उंचावर बॅटरी गारठते म्हणून तिला हिटर. हिटर त्याच्या टीमच्या टेबलावर पास, होकायंत्र पास, ऑटोपायलट पास. हे सगळे भाग एकत्र नीट चालतात का, हे बघणं सिस्टम्सवाल्याचं काम. माझ्या यादीत एक ओळ शिल्लक होती : सगळं एकदम चालू ठेवून होकायंत्र तपासणे. वरिष्ठ म्हणाले, "या उन्हात हिटर लागणार आहे का? खोड ती ओळ." मी खोडली नाही.

होकायंत्र स्टीलच्या टेबलावर तपासता येत नाही. वावराच्या मालकांनी घरून सुंभाची बाज आणून दिली, सगळी लाकडी, एक खिळा नाही. विमान तिच्यावर ठेवलं, नाक पूर्वेला. ते बाजूलाच उभे. "काहून गा भाऊ, एवढ्या तपनीत हिटर लावता?" म्हटलं, "काका, रात्री वर लई थंडी असते." आपणहून तो तिथे कधीच लागला नसता, म्हणून लॅपटॉपवरून आदेश देऊन चालू केला. स्क्रीनवरचा ९० चा, म्हणजे पूर्वेचा, आकडा सरकत सरकत १०१ वर जाऊन बसला. हिटर बंद, परत ९०. पुन्हा चालू, पुन्हा १०१.

हिटरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारा वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या होत्या, आणि त्यातली एक होकायंत्राच्या शेजारून जात होती. करंट वाहिला की तिचं चुंबकीय क्षेत्र थेट होकायंत्रावर. दोन्ही तारा एकमेकींना पिळून एकत्र नेल्या, म्हणजे एकीचं क्षेत्र दुसरी खोडते, होकायंत्र पंखाच्या टोकाकडे हलवलं. मग आकडा जागचा हलला नाही.

जीपीएस असेपर्यंत विमान वाटेवर राहिलं असतं, फक्त वाऱ्याचा अंदाज चुकला असता. पण रात्री जीपीएस गेलं असतं तर ११ अंशांच्या चुकीने दर १० किलोमीटरला जवळपास २ किलोमीटर बाजूला. ही चूक कोणत्याच टीमची नव्हती, म्हणून ती कोणीच शोधत नव्हतं. ती शोधणं हेच आमचं काम. याला कारकुनी म्हणणाऱ्याने एकदा तरी विमान रात्रभर वर ठेवून दाखवावं.

शिकायचं म्हणाल तर आधी वजन आणि ऊर्जा यांचा हिशेब पक्का करा. लिथियम बॅटरी किलोमागे साधारण २५० वॉट-तास देते, पेट्रोलमध्ये जवळपास १२,००० असतात. एअरबसचं झेफर हे सौर ड्रोन २०२२ मध्ये ६४ दिवस हवेत राहिलं. पंख २५ मीटर आणि वजन ७५ किलोच्या आत. दिवसा साठवलेली वीज सूर्योदयापर्यंत पुरते की नाही, एवढ्यावरच असं विमान टिकतं. हा हिशेब कागदावर स्वतः मांडून बघा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उड्डाणाच्या नोंदी (लॉग) वाचण्यापुरती आली तरी सुरुवातीला भागतं.

एक सांगायचं राहिलं. नोकऱ्या बहुतेक बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याकडे. आपल्याकडे विदर्भात येतात त्या चाचण्या, म्हणजे घर सोडावं लागेल. आणि माझा अनुभव छोट्या कंपन्यांचा आहे, मोठ्या ठिकाणी कागदपत्रं खरंच जास्त असतात. तरी मुलाखतीत कोणी "सिस्टम्सवाले करतात काय?" असं विचारलं, तर त्यांना एवढंच विचारा : तुमच्याकडे सगळं एकदम चालू ठेवून होकायंत्र कोण तपासतं? उत्तर आलं नाही तर ती नोकरी घेऊ नका.