तीन चेक, एक शह

सोलापुरात पूर्व भागात कापडाच्या धंद्यात असलेल्या एका मित्राने विचारलंय: "चेक्सचे नॅपकिन चेक करून घेतले आणि चेक दिला. एका वाक्यात तीन चेक! हा एकच शब्द आहे की तीन वेगळे?"

एकच, आणि तोही बुद्धिबळातला. फारसीत 'शाह' म्हणजे राजा. डावात राजावर मारा आला की तसं पुकारायचं. हा पुकारा अरबीतून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत 'चेक' होऊन उतरला. मराठीतला 'शह'ही त्याच 'शाह'चा. म्हणजे चेक आणि शह चुलतभाऊच. (हिंदीवाल्यांशी बोलताना मात्र जपून. त्यांच्याकडे 'शह देना' म्हणजे फूस लावणं असंही होतं.)

शह बसला की राजाला दुसरं काही सुचत नाही, आधी तो सोडवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. रोजच्या बोलण्यात हा अर्थ आपल्याला फारसा भेटत नाही, पण आपल्या जिल्ह्यात ओढ्या-नाल्यांवर तो बांधून ठेवलेला आहे. चेक डॅम पाणी तपासत नाही, अडवतो! चेकनाक्यावर दोन्ही कामं होतात, आधी गाडी अडवायची, मग कागद बघायचे. असं अडवून खात्री करण्यातूनच तपासण्याचा अर्थ आला, आणि आज तोच सगळ्यांत जास्त चालतो.

कापडावरचा चेक बुद्धिबळाच्या पटावरून आला. पटासाठी जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द होता त्याचं इंग्रजीत 'चेकर' झालं, आणि कापडवाल्यांनी ते आखूड केलं. आपली 'चौकडी' त्याहून नेमकी वाटते मला. त्याच पटाचा आणखी एक वंशज आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या महसुलाचा हिशेब चौकटी आखलेलं कापड टेबलावर अंथरून, त्यावर सोंगट्या मांडून करायचे. त्यावरून ते खातंच 'एक्सचेकर' झालं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते अजून आहे.

बँकेतला चेक मात्र पडताळणीच्या घरचा. बनावट कागदाला आळा बसावा म्हणून पावतीचा जो भाग ताळा पाहायला मागे ठेवत, तो मूळचा चेक. पुढे पैसे देण्याच्या आदेशालाच ते नाव पडलं. ब्रिटिश स्पेलिंगच्या शेवटी 'क्यू-यू-ई' आलं ते एक्सचेकरच्या प्रभावाने. अमेरिकन माणूस तिन्ही चेक एकसारखेच लिहितो. मराठीत धनादेश छापील फॉर्मवर शोभतो. बोलताना वटतो तो चेकच.

धंद्यात गोंधळ होतो तो 'क्रॉस'चा. 'चेक क्रॉस कर' म्हणजे कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढ, म्हणजे पैसे काउंटरवर रोख न मिळता खात्यातच जमा होतील. 'क्रॉस चेक कर' म्हणजे दुसऱ्या बाजूनेही खात्री करून घे. तिथे रेघा ओढायच्या नसतात.