विश्वास असेल तर औषध कशाला?

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत एक ज्येष्ठ भाऊ शिकवतात की खरा विश्वास असेल तर आजार राहतच नाही. एका बहिणीने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आहेत. त्यांना कसं सांगावं?

उत्तर : आधी त्या बहिणीला आजच डॉक्टरांकडे न्या. गोळ्या अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. शिकवणीची चर्चा नंतर.

भाऊ बहुधा बायबलमधल्या यशया 53:5 चा (‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’) आधार घेत असतील. तो अध्याय सबंध वाचा, मग 1 पेत्र 2:24. पेत्र तिथे ‘बरे होणे’ पापाशी जोडतो. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी असताना मिलेत शहरात ठेवलं (2 तीमथ्य 4:20), तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23). दोघांच्याही विश्वासाला बोल लावला नाही. देव बरं करतो, हे आम्हीही मनापासून मानतो. चूक आहे ती आजाऱ्यावर अविश्वासाचा ठपका ठेवण्यात.

भाऊंना भेटायला एकट्याने जा. भर सभेत नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. प्रिस्किल्ला व अक्विल्ला या दांपत्याने अपुऱ्या माहितीवर शिकवणाऱ्या अपुल्लोसाला आपल्याकडे नेऊनच समजावलं (प्रेषितांची कृत्ये 18:26). ‘भाऊ, तुम्ही असं म्हणालात, मी बरोबर ऐकलं ना?’ असं आधी विचारा. अर्धवट ऐकण्यातूनही गैरसमज होतात. त्यांनी ऐकलं नाही, तर एक-दोघांना सोबत न्या, मग पाळकांना सांगा. तोवर त्या बहिणीची विचारपूस चालू ठेवा.